देवासाठी उठलेलं गाव: डेल्फीतले चार दिवस

पहिला दिवस, २६ ऑक्टोबर

डेल्फी म्हणजे प्राचीन ग्रीकांचं अपोलो देवाचं ठिकाण, लोक इथे भविष्य विचारायला येत. अथेन्सहून ते साधारण १८० किलोमीटर. बसने तीन तास लागतात आणि शेवटचा टप्पा सगळा घाटाचा. थीब्ज मागे पडलं, लिवादियाला बस थोडी थांबली आणि मग पार्नासस डोंगर खिडकी भरून समोर आला. लिवादियाच्या पुढे एक तिठा लागतो. ग्रीक पुराणकथेतल्या ईडिपसने आपल्या बापाला न ओळखता मारलं ते इथेच, असं मानतात. तू बापाला मारशील, हे भविष्य डेल्फीला ऐकून तो परत निघाला होता. आईला मी ती गोष्ट सांगितली. ती बराच वेळ बाहेर बघत राहिली आणि म्हणाली, "टाळायला गेला आणि तेच झालं. कंसाचंही तसंच की."

या प्रवासाला आईला घेऊन यायचं हे माझं फार दिवसांचं ठरलेलं होतं. तिचं वय अडुसष्ट. गुडघे कुरकुरतात, पण चालायची हौस अजून आहे.

आत्ताचं डेल्फी गाव डोंगराच्या कडेला चिकटलेलं आहे. दोन अरुंद समांतर रस्ते, त्यांना जोडणाऱ्या पायऱ्या, बस्स. आमची खोली एका आजींच्या घरात होती. रस्त्यावरून घर एकमजली दिसतं आणि मागच्या बाजूला तेच उतारावर चार मजले खाली जातं. त्यांची नात त्यांना 'याया' म्हणते. ग्रीकमध्ये आजीला हाच शब्द आहे. पहिल्याच संध्याकाळी आम्हीही त्यांना याया म्हणायला लागलो.

मागच्या सज्जात गेलो आणि दोघीही गप्प झालो. खाली दरीभर ऑलिव्हची झाडं, थेट समुद्रापर्यंत. वारा आला की पानांची चंदेरी बाजू वर येते आणि सगळी दरी हलते. घड्याळं त्याच पहाटे एक तास मागे गेली होती, त्यामुळे साडेपाचलाच अंधारून आलं. त्या उजेडात आई म्हणाली, "अगं, हे सगळं पाणी आहे का?" मी म्हटलं, झाडं आहेत. तिला ते पटायला वेळ लागला. उजनीचं पाणी संध्याकाळी असंच दिसतं.

जेवणाबद्दल एक उपयोगाची गोष्ट. शाकाहारी असाल तर खाणावळीत 'निस्तीसिमो' काय आहे ते विचारा. ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती लोकांच्या उपवासाचा हा शब्द. त्यात मांस, दूध, अंडी काहीच नसतं. मात्र कालवं आणि ऑक्टोपस त्यांच्या उपवासाला चालतात, म्हणून तेवढं वेगळं सांगावं लागतं. आम्हाला त्या रात्री 'यीगान्देस' मिळाले. टोमॅटोच्या रश्शात भट्टीत शिजवलेले मोठे पांढरे वाल, आपल्या डबल बीचे थोरले भाऊ. सोबत 'होर्ता', म्हणजे उकडलेली रानभाजी, वर लिंबू आणि ऑलिव्हचं तेल. आईने पाव बाजूला ठेवला आणि भाजीच दोनदा मागवली.

दुसरा दिवस, २७ ऑक्टोबर

सकाळी आठ वाजता अवशेषांच्या दारात हजर होतो. अथेन्सहून दिवसभराच्या सहलीच्या बसगाड्या दहा-साडेदहाला येतात आणि दुपारी जातात. गावात मुक्काम करायचा तो यासाठीच. पहिले दोन तास सगळा डोंगर आपला असतो. गावातून अवशेषांपर्यंत दहा-पंधरा मिनिटांची पायवाट आहे आणि वाटेतच संग्रहालय लागतं. थंडीच्या मोसमात बंद होण्याची वेळ बरीच अलीकडे येते, तेव्हा आदल्या दिवशी बघून ठेवा.

दारातून आत गेलं की चढ सुरू. पवित्र मार्ग नागमोडी वळणं घेत वर जातो आणि दोन्ही बाजूंना ग्रीक नगरांनी बांधलेल्या कोषागारांची जोती आहेत. आपला विजय आपल्या शेजाऱ्याला रोज दिसावा, अशा हिशेबाने बांधलेली. अथेन्सकरांचं तेवढं उभं आहे, तेही १९०३ ते १९०६ या काळात मूळचे दगड पुन्हा रचून उभं केलेलं. त्याच्या भिंतीवर अपोलोची दोन स्तोत्रं स्वरलिपीसह कोरलेली होती. ती आता संग्रहालयात आहेत.

पण मी आले होते त्याच्या पुढच्या भिंतीसाठी.

अपोलोचं देऊळ ज्या चौथऱ्यावर आहे त्याला धरून ठेवणारी ही भिंत इ.स.पू. सहाव्या शतकातली. तिचे दगड चौकोनी नाहीत. प्रत्येकाच्या कडा वाकड्या, लाटेसारख्या, आणि शेजारचा दगड बरोबर त्याच वळणात बसवलेला. मध्ये चुना नाही, माती नाही. इ.स.पू. ३७३ च्या भूकंपात वरचं देऊळ कोसळलं. भिंत तशीच राहिली, कारण हे दगड एकमेकांत अडकलेले आहेत.

आणि या भिंतीवर अक्षरं आहेत, शेकडो लेख. लांबून दगडाला पुरळ उठल्यासारखं वाटतं. दोरीजवळ जाऊन थोडं वाकलं की ओळी दिसू लागतात, नखाएवढ्या अक्षरांच्या. ऊन तिरपं असताना जा. डोक्यावर आलं की अक्षरं पुसट होतात.

हे लेख गुलामांच्या सुटकेचे आहेत. इ.स.पू. दुसऱ्या शतकापासून पुढे डेल्फीत असे हजाराहून अधिक लोक सुटले. पद्धत अशी: गुलामाला स्वतःच्या नावाने करार करता येत नसे, मग तो किंवा ती साठवलेले पैसे देवाच्या हवाली करी. देव, म्हणजे अपोलो, मालकाकडून त्या माणसाला विकत घेई, या अटीवर की यापुढे त्याच्यावर कोणाचीच मालकी नाही. जामीन असत, साक्षीदार असत. आणि कोणी उद्या नाकारू नये म्हणून सगळा करार देवळाच्या भिंतीत कोरला जाई. किंमत बहुतेक तीन-चार मिना, म्हणजे तीन-चारशे द्राख्मा. सुटणाऱ्यांत निम्म्याहून जास्त बायका होत्या. निघण्यापूर्वी मी यांतले काही लेख अनुवादात वाचले होते. त्यांत ठरलेले शब्द येतात: "स्त्रीचं एक शरीर, जिचं नाव..." आणि पुढे नाव. आधी शरीर, मग नाव. ते वाचल्यापासून ही भिंत डोक्यातून गेली नव्हती.

पुष्कळ करारांत आणखी एक अट असे. मालक मरेपर्यंत त्याच्याच घरी राहून काम करायचं. म्हणजे पैसे आज भरायचे आणि मोकळं व्हायचं ते पुढे कधीतरी. आईला मी हे सांगितलं तेव्हा तिने विचारलं, "मग मालकाच्या आधी तीच मेली तर?" मला उत्तर देता आलं नाही. ती भिंतीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश चालत गेली. कार्ल्याच्या चैत्यगृहात आम्ही लहानपणी जायचो तेव्हा खांबांवरची दात्यांची नावं ती अशीच बघायची. त्यांत धेनुकाकटचे यवनही आहेत. ते देणाऱ्यांचे लेख आहेत. इथे ज्यांना विकत घ्यावं लागलं त्यांची नावं आहेत.

टोपी विसरू नका, ऑक्टोबरातसुद्धा. कार्ल ओटफ्रीड म्युलर हा जर्मन विद्वान १८४० च्या उन्हाळ्यात याच भिंतीवरचे लेख उतरवून घेत होता. भर उन्हात काम करता करता तो कोसळला आणि अथेन्सला नेल्यावर ऑगस्टमध्ये गेला. वय फक्त बेचाळीस.

देवळाचे सहा खांब आता उभे केलेले आहेत. गाभाऱ्यात तिवईवर बसून पीथिया भविष्य सांगायची ती इथेच. ती राजघराण्यातली नव्हती, डेल्फीतलीच एखादी बाई असे. आणि तिच्या तोंडच्या शब्दावर राजे युद्धाला निघत. लिडियाचा राजा क्रीसस विचारायला आला, पर्शियावर चाल करू का? उत्तर आलं, केलीस तर एक मोठं साम्राज्य बुडेल. बुडालं ते त्याचंच. प्लुटार्क हा लेखक याच देवळात कित्येक वर्षं पुजारी होता, आणि पूर्वीसारखी भविष्यं आता का होत नाहीत, यावर त्याने लिहून ठेवलं आहे. २००१ मध्ये काही भूशास्त्रज्ञांनी मांडलं की देवळाखाली दोन प्रस्तरभंग, म्हणजे खडकातल्या मोठ्या भेगा, एकमेकांना छेदतात, तिथून इथिलीनसारखा वायू वर येत असावा आणि त्यानेच पीथियाला गुंगी येत असावी. सगळ्यांना ते मान्य नाही. मला तिथे बसल्यावर फक्त थाइमचा वास आला आणि खालच्या दरीतून मेंढ्यांच्या घंटा ऐकू आल्या.

नाट्यगृह देवळाच्या वर. सुमारे पाच हजार माणसं बसतील एवढं. आई तिथपर्यंत आली आणि वरच्या पायरीवर बसून राहिली. मी एकटी स्टेडियमपर्यंत गेले. आणखी पंधरा-वीस मिनिटांचा खडा चढ आहे. पिथियन खेळ दर चार वर्षांनी भरत. धाव सुमारे १७८ मीटरची, बक्षीस लॉरेलच्या पानांचं. आत उतरू देत नाहीत, पण पाइनच्या सावलीत तिथे शांतता आहे. गुडघे दुखत असतील तर नाट्यगृहापाशी थांबा, सगळ्यात चांगला देखावा तिथूनच आहे.

परतताना कास्तालियाच्या झऱ्याचं पाणी रस्त्याकडेच्या नळातून भरून घेतलं. पूर्वी देवळात जाण्याआधी या पाण्याने शुद्ध व्हावं लागे. मूळ झऱ्यापाशी जाऊ देत नाहीत, कारण वरून दरड येते. वरचे कडे खरंच अंगावर येणारे आहेत. खाली मार्मारियाला अथेना देवीच्या देवळाचे बरेच खांब १९०५ पर्यंत उभे होते, त्या वर्षी दरडीने त्यातले बहुतेक मोडले. तिथली गोल वास्तू, थोलोस, चित्रांतून सगळ्यांनी पाहिलेली असते. तीन खांब आणि वर थोडी छपरी. तिकडे जायला वेगळा दहा मिनिटांचा उतार आहे आणि बसगाड्यांमधले बरेच लोक तो करत नाहीत. तुम्ही करा.

रात्री यायांच्या स्वयंपाकघरात एक जुना फोटो पाहिला. डोंगरउतारावर दाटीवाटीने घरं, आणि घरांच्या मधून अरुंद रुळांवर मातीने भरलेल्या डबेगाड्या. मी विचारलं हे कुठलं. याया म्हणाल्या, "आमचं." नातीने इंग्रजीत समजावलं आणि मी आईला मराठीत.

देवळाच्या अवशेषांवर पूर्वी कास्त्री नावाचं गाव होतं. घरांच्या भिंतींत देवळाचे दगड, अंगणात खांबांचे तुकडे. १८९१ मध्ये ग्रीस आणि फ्रान्स यांचा करार झाला, १८९२ मध्ये तेओफिल ओमोल यांच्या हाताखाली फ्रेंचांनी उत्खनन सुरू केलं आणि त्यासाठी पूर्ण गाव उठवलं. नवं गाव पश्चिमेला वसवलं, आम्ही बसलो होतो तेच. लोकांनी विरोध केला, सैनिक बोलवावे लागले. यायांची आजी तेव्हा सहा वर्षांची होती. मरेपर्यंत ती गावाला 'नवं घर' म्हणायची आणि देवळाकडे 'घरी जाते' म्हणून निघायची.

आईने वाटी खाली ठेवली. तिचं माहेर पळसदेव, इंदापूर तालुक्यातलं. १९८० मध्ये उजनी धरण पुरं झालं आणि जुनं गावठाण पाण्यात गेलं. पळसनाथाचं देऊळही गेलं. उन्हाळ्यात पाणी फार खाली उतरलं तरच ते वर येतं. ती मला म्हणाली, "त्यांना सांग, हितं देव वर काढायला गाव उठवलं. आमच्याकडं गाव उठवलं आणि देव खाली गेला." मी सांगितलं. नातीला ग्रीकमध्ये सांगायला थोडा वेळ लागला. याया उठल्या, आईच्या शेजारी येऊन बसल्या आणि तिचा हात आपल्या मांडीवर घेतला. त्यानंतर मला कोणी मधे घेतलंच नाही. एक ग्रीकमध्ये बोलत होती, एक मराठीत. मी भांडी घासली.

तिसरा दिवस, २८ ऑक्टोबर

ग्रीसमध्ये हा 'ओही' दिवस, म्हणजे 'नाही' म्हटल्याचा दिवस. १९४० मध्ये याच तारखेला ग्रीसने इटलीची धमकी धुडकावली. या दिवशी सरकारी स्थळं आणि संग्रहालयं फुकट असतात. नोव्हेंबर ते मार्च दर महिन्याच्या पहिल्या रविवारीही असतात. गावातली मुलं निळा-पांढरा पोशाख घालून चालत गेली. सगळी मिळून तीसेक असतील. वळणाशी उभ्या असलेल्या आज्या प्रत्येकाला नावाने हाक मारत होत्या. स्मारकाला पुष्पचक्र वाहिलं आणि त्याच क्षणी पाऊस आला. धुकं दरीतून वर चढलं आणि पाच मिनिटांत समोरचं घर दिसेना. छत्री इथे कुचकामी आहे, वारा ती उलटी करतो. रेनकोटच आणा.

दिवस संग्रहालयात गेला. रथचालकाच्या ब्राँझच्या पुतळ्यासाठी एक स्वतंत्र दालन आहे. १८९६ मध्ये सापडलेला, उंची १ मीटर ८० सेंटिमीटर, इ.स.पू. ४७० च्या दशकातला. सिसिलीतल्या गेलाच्या राज्यकर्त्याने रथशर्यत जिंकल्याबद्दल अर्पण केलेला. डोळ्यांतले दगड जागेवर आहेत आणि तांब्याच्या पापण्यासुद्धा. ब्राँझ नेहमी वितळवलं जातं. हा वाचला, कारण इ.स.पू. ३७३ च्या भूकंपात तो गाडला गेला. देऊळ ज्याने पाडलं त्यानेच हा सांभाळला. मी त्याच्या पायांपाशी जास्त वेळ होते. झग्याखाली झाकलेली, रथात उभं असताना कुणालाच न दिसणारी पावलं, तरी शिरा आणि नखं अगदी नीट घडवलेली.

आईला क्लेओबिस आणि बितोन आवडले. दोघे थोराड भाऊ, संगमरवरी. त्यांची आई हेराच्या देवळात जायला निघाली आणि बैल वेळेवर आले नाहीत, तेव्हा यांनी स्वतः गाडी ओढत नेली. आईने देवीकडे मागितलं, माणसाला जे सर्वांत चांगलं ते माझ्या मुलांना दे. मुलं देवळात झोपली ती उठलीच नाहीत. मी म्हटलं, आपला श्रावणबाळ. ती म्हणाली, "श्रावणाचे आईबाप तरी मागं राहिले नाहीत. ही राहिली."

संध्याकाळी यायांनी तव्यावर 'फॉर्माएला' भाजलं. शेजारच्या आराखोवा गावचं कडक चीज, वर लिंबू. आईने पिशवीतून शेंगदाण्याची चटणी काढली. यायांनी ती पावावर घेतली, वर ऑलिव्हचं तेल ओतलं आणि डबा स्वतःच्या बाजूला सरकवून घेतला.

चौथा दिवस, २९ ऑक्टोबर

पाऊस थांबला होता, आकाश धुतलेलं. यायांच्या नातीने दोघी म्हाताऱ्यांना गाडीने खाली इतेआला समुद्रावर नेलं आणि मी जुन्या वाटेने चालत उतरले. आधी क्रिस्सो गाव, मग ऑलिव्हच्या बागा, मग समुद्र. रमतगमत चार तास. पूर्वीचे यात्रेकरू किर्राच्या बंदरात उतरून हाच डोंगर चढत. पहिला उतार दगडगोट्यांचा आहे, पावसानंतर निसरडा होतो. तळवा घट्ट धरणारेच बूट हवेत.

हे मैदान एके काळी अपोलोच्या नावाने सोडलेलं होतं. इथे नांगर घालणं पाप. जवळच्या अम्फिसा नगराच्या लोकांनी ते नांगरलं म्हणून इ.स.पू. ३३९ मध्ये युद्ध पेटलं आणि त्या निमित्ताने मॅसेडोनियाचा राजा फिलिप दक्षिणेत उतरला. आता त्याच मातीत अम्फिसाचे प्रसिद्ध ऑलिव्ह होतात. तोडणी चालू होती. झाडांखाली जाळ्या, शिड्या आणि हाताने तोडणारी एक मूळची अल्बानियाची मंडळी. खायचे ऑलिव्ह हातानेच तोडावे लागतात, काठीने झोडले की डागतात. मी एक तोडून तोंडात टाकला आणि कडूपणाने डोळ्यांत पाणी आलं. कच्चे खायचे नसतात, मिठाच्या पाण्यात महिनोन्महिने मुरवावे लागतात, हे त्यांच्यातल्या बाईने हातवारे करून सांगितलं आणि आपल्या डब्यातले गेल्या वर्षीचे दिले.

इतेआला पोचले तेव्हा दोघी धक्क्यावर पाय सोडून बसल्या होत्या. आई पळसदेवच्या यात्रेबद्दल सांगत होती, मराठीतच.

निघताना, ३० ऑक्टोबर

सकाळची बस गावातल्या थांब्यावरूनच मिळते. परतीचं तिकीट आदल्या दिवशी काढून ठेवा, सुट्टीच्या आसपास गाडी भरते. यायांनी सुकवलेल्या ओरेगानोची जुडी दिली. आईने चटणीचा डबा त्यांच्याकडेच ठेवला.

आराखोवाच्या वळणांवर आईने फोन काढला. तिच्या भाच्याने एका कोरड्या उन्हाळ्यात पाठवलेला फोटो शोधला: चिखलातून वर आलेलं पळसनाथाचं शिखर, पलीकडे पाणी. तो तिने यायांच्या नातीला पाठवला. लिवादिया यायच्या आत उत्तर आलं. याया विचारत होत्या, यात तुझं घर कुठे?

आईने फोटो मोठा केला आणि शिखराच्या डाव्या हाताला, पाण्यावर बोट ठेवलं.